उघडली ना, अण्णा?

प्रांजल डुंबरेला बारावीला त्रेचाळीस टक्के होते, तेही दुसऱ्या खेपेला. बी.कॉम. तिनं घरी बसून सेहेचाळीस टक्क्यांत कसंबसं उरकलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुण्यातल्या त्या बड्या व्यवस्थापन संस्थेच्या अर्जात तिलाही ते आधीच सांगावं लागलं. पुढचा रकाना कामाच्या अनुभवाचा. बाकीची मंडळी तिथं कंपन्यांची नावं लिहीत असणार. हिनं लिहिलं, ‘सोपानअण्णा औटी यांच्या हाताखाली स्वयंपाक, सात वर्षं. लग्नं, दहावे, सप्ते.’ लिहून झाल्यावर तिलाच हसू आलं.

आता कुणी म्हणेल, असल्या गुणांवर तिथं उभं तरी करतात का? पूर्वी केलं नसतं. पण गोष्ट आहे दोन हजार एक्केचाळीसची. तोवर गुणांची पार रया गेली होती. निबंध यंत्र लिहायचं, उत्तरं यंत्र सुचवायचं, मुलाखतीत काय बोलायचं ते कानात यंत्रच पुटपुटायचं. घराघरात पंच्याण्णव टक्केवाले निपजले आणि कामाला हात लावायची वेळ आली की सगळा आनंदीआनंद. शेवटी संस्थांनी गुणपत्रिका बाजूला सारल्या आणि कर्तृत्वांक आणला.

कर्तृत्वांकाची कल्पना तशी सोपी. मजूर विम्याच्या कायद्यानं कामाच्या जागी प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला आला होता. शर्टाच्या गुंडीएवढा. माणूस काय बोलला, कुठं उभा राहिला, हात कसे हलले, सगळं तो टिपून ठेवी. अपघात झाला तर पुरावा असावा, हा मूळ हेतू. संस्थेचं यंत्र उमेदवाराच्या संमतीनं, आणि बरोबरच्यांच्याही, ही वर्षावर्षांची टिपणं घेई, वर वाण्याची बिलं घेई, लोकांनी काय नावाजलं ते घेई आणि त्यातून त्या कामाची एक हुबेहूब नक्कल उभी करी. मग त्या नकलेतून तो एक माणूस काढून टाकी आणि सगळी वर्षं पुन्हा चालवून बघी. माणूस काढल्यावर काम जेवढं कोसळलं, तेवढा त्याचा कर्तृत्वांक. शंभरातले. लोक या पद्धतीला वजाबाकीच म्हणत.

प्रांजलच्या पहिल्या वजाबाकीचा निकाल आला अकरा. प्रवेशाला लागत होते साठ.

अकरा म्हणजे काय, ते तिला नीट कळलं. यंत्राच्या मते ती नसती तरी आमटी तशीच झाली असती. एवढंच नाही, खाली एक ओळ होती. सदर कामातले निर्णय मुख्य आचारी घेतात, उमेदवार सूचना पाळते. ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि गंमत अशी, की यंत्राला तसं वाटावं याची तजवीज सहा वर्षं तिनंच केली होती.

सोपानअण्णा औटी हे जुन्नर-ओतूरकडचं नावाजलेलं नाक. आचाऱ्याचा हात नावाजतात, अण्णांचं नाक नावाजत. कारण त्यांच्या चुलाणावरचा एक कडक नेम. सप्त्याचा महाप्रसाद असो की ग्रामदैवताचा भंडारा, देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव घ्यायची नाही. पळीला लागलेला थेंबसुद्धा चाटायचा नाही. मग दोन-तीन हजार माणसांच्या आमटीत मीठ किती, हे कळायचं कसं? अण्णा काहिलीवर वाकत, डोळे मिटत, वाफ नाकात घेत आणि म्हणत, “अजून चार ओंजळी.” पडल्या की पुन्हा वाकत आणि मान हलवत. “उघडली.”

मिठाला वास नसतो हे शाळेतलं पोरही सांगेल. पण आमटी उघडते हे खरं आहे. पाण्यात मीठ विरघळलं की लसणाचे, मसाल्याचे वासाचे कण पाण्यात धरून राहू शकत नाहीत, ते वर वाफेत येतात. आळणी आमटीचा वास दबलेला असतो, बेताचं मीठ पडलं की तो एकदम मोकळा होतो. अण्णांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांच्या नाकाला ठाऊक होतं.

प्रांजलची आई अण्णांकडे कांदे चिरायला जायची. पोरगी बारावीला पहिल्यांदा नापास होऊन घरात तोंड लपवून बसली, तेव्हा अण्णांनीच निरोप धाडला होता, की तिला म्हणावं इकडे ये, इथं कुणी गुण विचारत नाही. पहिल्या वर्षातच त्यांना कळलं की या पोरीला आमटी उघडलेली कळते. त्यांना केवढा आनंद झाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले होते.

आणि मग, सहा वर्षांपूर्वी, एका लग्नात फोडणीचा लसूण करपला. पार कोळसा झाला. प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं, मंडपातली माणसं नाक दाबून बघू लागली, आणि अण्णा काहिलीवर झुकून म्हणाले, “होऊ दे अजून जरा.”

माणसाचं नाक एका दिवसात जात नाही. हळूहळू जातं, आणि ज्याचं जातं त्यालाच शेवटी कळतं. अण्णा म्हणायचे हल्लीच्या लसणाला वास नाही, हिंगात भेसळ, धने कसले सरकारी बियाणाचे. सगळे हसून मान डोलवायचे. जिभेला खारट-तिखट कळत होतं, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. आणि नैवेद्याआधी जीभ लावायची नाही हा नेम तर त्यांचाच.

प्रांजलनं मिठाची परात आपल्याकडे घेतली. अण्णा डोळे मिटून म्हणत, सात ओंजळी. ती म्हणे, सात टाकते, आणि टाकी तीन. किंवा नऊ. जेवढं तिचं नाक सांगेल तेवढं. मग हळूच विचारी, “उघडली ना, अण्णा?” अण्णा वाफ घेत आणि म्हणत, “उघडली.” परातीशेजारी उभा राहणारा शिवराम हे बघत होता. त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि पुढं तोंडातून शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढी अक्कल सगळ्यांनाच असते.

सहा वर्षं हे चाललं. अण्णांचं नाव वाढलं. आणि बिल्ल्यांनी इमानेइतबारे टिपून ठेवलं, की म्हातारा हुकूम सोडतो आणि पोरगी शिकाऊ असल्यासारखी त्याला विचारते, उघडली ना?

ती पुण्याला गेली आणि संस्थेच्या चौबळ मॅडमना भेटली. बाई तुटक नव्हत्या, नीट ऐकून घेतलं. मिठाची बिलं आणि अण्णांचे हुकूम जुळत नव्हते, हे यंत्रालाही दिसलं होतं म्हणे. ओंजळी मोजूनही जुळत नव्हत्या, पण ओंजळ काही माप नव्हे, कधी लहान कधी मोठी, म्हणून त्यानं तो फरक सोडून दिला होता. एक मार्ग होता. एखाद्या मोठ्या स्वयंपाकाला संस्थेची माणसं येतील, काहिलीला यांत्रिक नाकं लावतील, परातीखाली वजनकाटा ठेवतील. बोललेलं मीठ आणि पडलेलं मीठ एकदा समोरासमोर दिसलं, की यंत्र मागची सहा वर्षं त्या उजेडात पुन्हा वाचेल.

“मात्र एक लक्षात घ्या,” चौबळ मॅडम म्हणाल्या. “वजाबाकीत जे जे येतात, त्या प्रत्येकाला त्याचा आकडा कळवावा लागतो. तसा कायदाच आहे.”

“प्रत्येकाला म्हणजे?”

“सोपानरावांनासुद्धा.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली. तिचा आकडा वर जाणार तो कुणाच्या आकड्यातून, हे समजायला व्यवस्थापनशास्त्र लागत नाही. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, की राहू दे, नाही करायचं मला. आई भाकरी थापत होती, थापता थापता थांबली.

“खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं,” आई म्हणाली. “जागलीस की सहा वर्षं. पण जन्मभर दुसऱ्याच्या नावानं मीठ टाकत बसावं असं कुठं लिहिलंय?”

प्रांजलला रडू आलं. कारण तिला तेच ऐकायचं होतं. खरंच तिला एकदा, एकदाच, कुणीतरी तिच्या नावानं ओळखायला हवं होतं. नापास पोरगी नव्हे, अण्णांची पोरगी नव्हे. पंचवीस वर्षांची झाली होती ती. संस्थेची वयाची अट सव्वीसची.

तिनं अण्णांना सांगितलं, की माझी परीक्षा आहे, यंत्रं येतील, तुमच्या स्वयंपाकात चालेल का? अण्णा हरखलेच. पोरीच्या परीक्षेला आपली काहील, याचं त्यांना केवढं अप्रूप. त्या दिवशी सप्त्याच्या काल्याला ते कडक इस्त्रीची टोपी घालून आले आणि काटे लावणाऱ्या पोरांना दोनदा चहा पाजला. तिला बाजूला घेऊन म्हणाले, “घाबरू नको. मी सांगेन तसं करत जा, पास होशील.”

तीन हजार माणूस होतं. आमटीला आधण आलं, अण्णा वाकले, डोळे मिटले.

“सहा ओंजळी.”

प्रांजलच्या नाकात आमटी जवळजवळ उघडलेली होती. दोन पुरे होत्या. परातीखाली काटा लुकलुकत होता. सहा टाकल्या तर तीन हजार पानं खारट होतील. दोन टाकल्या तर यंत्राला सगळं कळेल. असं तिनं मनाला समजावलं, की यात निवडायला काही नाहीच, लोकांना खारट घालायचं का? माणूस स्वतःला पटवायला बसला की किती चटकन पटतं.

“सहा टाकते,” ती म्हणाली आणि तिनं दोन टाकल्या.

अण्णांनी वाफ घेतली. तिचा नेहमीचा प्रश्न आला नाही, म्हणून ते तसेच वाकून राहिले.

“उघडली ना, अण्णा?”

“उघडली,” अण्णा समाधानानं म्हणाले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तिचे अठ्ठ्याहत्तर. खाली प्रवेश दिल्याचं पत्र. ती ते पत्र वाचून चुलीपाशी उकिडवी बसून राहिली, आईनं तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला तरी तिला हसता येईना. मग ती उठली आणि अण्णांच्या घरी गेली.

अण्णा ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. फोन शेजारी पडला होता. तिला पाहताच त्यांनी तो तिच्यापुढं सरकवला. त्यांना वाचता येत नव्हतं. मघाशी संस्थेचा काहीतरी निरोप आलाय म्हणाले. सून फोनलाच वाचायला लावत होती, पण त्यांनी लावू दिलं नव्हतं. आपल्या कामाचं कुणी काय म्हटलंय ते फोनच्या तोंडून काय ऐकायचं? त्यांनी तिच्यासाठी ठेवलं होतं. “तू वाच,” ते म्हणाले.

तिनं वाचलं. मनात. सोपान गेनभाऊ औटी. वजाबाकीनंतर कामात पडलेला फरक, शून्य. शेजारी कंसात मुद्दाम अक्षरांतही लिहिलं होतं, शून्य.

अण्णांचे हात थांबले होते. चेहऱ्यावर लहान मुलाची उत्सुकता होती. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच कुणी गुण दिले होते.

“अठ्ठ्याहत्तर,” प्रांजल म्हणाली.

“शंभरातले?”

“शंभरातले.”

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांना एकदम सुचलं. “आणि तुझे गं?”

“पास होण्यापुरते आहेत.”

“चांगलं झालं,” अण्णा म्हणाले, आणि ओंजळभर मिरच्या तिच्या ओढणीत टाकल्या. तिनं तो निरोप फोनवरून पुसून टाकला आणि फोन परत दिला. जुने निरोप पुसते आहे, फोन भरलाय, असं सांगितलं. वाईट वाटलं तिला, खूप वाटलं. पण घरी येता येता हेही वाटलं, की म्हाताऱ्याचं मन राखलं, कुणाचं काय गेलं? अजून दोन-तीन वर्षांत ते थकतील, घरी बसतील, संपलं.

तिनं चुकीचा हिशेब केला. अठ्ठ्याहत्तर गुण मिळालेला माणूस घरी बसत नाही.

ती वसतिगृहावर राहायला गेली त्याच आठवड्यात अण्णांनी टेम्पोच्या कपाळावर पेंटरकडून लिहून घेतलं, ‘सोपानअण्णा औटी, कर्तृत्वांक ७८’. शिवरामनं फोटो पाठवला. स्वतः शिवरामला नऊ मिळाले होते, आणि टेम्पोवरचा आकडा कुणाचा असणार हे त्याला एका क्षणात उमगलं होतं. फोटोखाली त्यानं काही लिहिलं नव्हतं. तिनंही काही विचारलं नाही. संस्थेत रोज नवी धांदल होती, बरोबरची मुलं तिला मानानं वागवत होती, आणि पुढच्या महिन्यात तिला सगळ्या वर्गापुढं आपलीच वजाबाकी समजावून सांगायची होती. अदृश्य निर्णय असं त्या तासाचं नाव.

नेमका त्या तासाच्याच दिवशी अण्णांनी सात हजारांचा भंडारा घेतलेला निघाला. एवढं मोठं काम त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. टेम्पोवरचा आकडा बघून चार गावची मंडळी मिळून आली होती. शिवराम फोनवर काकुळतीला आला. एक दिवस येऊन जा म्हणाला, फक्त मिठापुरती. तिनं चौबळ मॅडमना विचारलं, तास पुढं ढकलता येईल का? येत नव्हता. मग तिनं शिवरामला सांगितलं, परात तुझ्याकडं ठेव, अण्णा म्हणतील त्याच्या निम्मं टाक आणि विचार, उघडली ना?

“मला नाही कळत गं ते,” शिवराम म्हणाला.

“नुसतं विचारायचं,” ती म्हणाली.

तास छान झाला. तिनं फळ्यावर दोन काहिली काढल्या, एकीत ती आहे, एकीत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर येऊन फोन बघितला तर शिवरामचे अकरा फोन येऊन गेलेले.

त्यानं सगळं सांगितलं. अण्णा काहिलीवर वाकले, म्हणाले आठ. यानं चार टाकल्या आणि विचारलं. पण याच्या आवाजात तो भरवसा कुठला? अण्णांनी डोळे उघडले. परातीकडं बघितलं. आठ सांगितल्या तर चार का टाकल्यास, म्हणून सगळ्यांसमोर त्याला झापलं. शिवराम म्हणाला, अण्णा, पुरेत. अण्णा म्हणाले, अठ्ठ्याहत्तर मला मिळालेत का तुला? आणि परात ओढून घेतली. चार ओंजळी स्वतः टाकल्या. वाकले, वाफ घेतली. उघडेना. आणखी चार टाकल्या. उघडेना. सहाही काहिलींवर तेच. आमटी उघडायची वाट बघत म्हातारा ओंजळीमागून ओंजळ टाकत गेला, आणि तिकडं आरती सुरू झाली.

नैवेद्य दाखवला, पंगती बसल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, शिवराम म्हणाला. ओरडले असते तर बरं झालं असतं. लोकांनी पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. लहान पोरं थुंकायला लागली. मग एकेक माणूस, देवाच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही म्हणून, पानाला हात जोडून मुकाट्यानं उठला. सात हजारांची पंगत पानावरून उठली. तेव्हा अण्णांनी नेहमीसारखी प्रसादाची पळी तोंडाला लावली होती. जीभ शाबूत होती त्यांची.

प्रांजल वसतिगृहाच्या चौथ्या मजल्यावर, खाटेच्या कडेला बसली. दिवस कलला तेव्हा अण्णांचा फोन आला. मागं काहील घासल्याचा खरखर आवाज येत होता.

“पोरी,” अण्णा म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. “ते अठ्ठ्याहत्तर कुणाचे होते?”

तिच्या ओठांवर ‘तुमचेच’ आलं होतं. पण आता ते बोलवेना.

“माझे, अण्णा.”

काहील घासायची थांबली. बहुतेक त्यांनीच हातानं खूण केली असावी.

“बरं,” ते म्हणाले. “हा शिवराम म्हणत होता, यंत्रच खोटं बोललं असेल. मी म्हटलं, यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचं माझ्यावर कुठं एवढं प्रेम आहे?”

तिला हुंदका आवरेना. फोन बाजूला धरून तिनं तोंडात ओढणी कोंबली.

“आणि माझे किती होते गं?”

“अण्णा, राहू द्या ना.”

“किती?”

“शून्य.”

 मग अण्णांनी घसा साफ केला. म्हणाले, सहा वर्षं मी लसणाला नावं ठेवली. पोरं मनात काय म्हणत असतील. परात बरी सांभाळलीस हो इतके दिवस, म्हणाले. तिला वाटलं आता तरी चिडतील, शिव्या घालतील, पण अण्णांनी जे विचारलं ते त्यांनी आयुष्यभर प्रत्येकाला विचारलं होतं.

“जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली. जेवली नव्हती.

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात टेम्पो विकायला निघाल्याचं आईनं कळवलं. घेणाऱ्यानं आकडा तसाच राहू द्या म्हटलं होतं, पण अण्णांनी तो आधी चिंच लावून घासून काढायला घेतला, आणि रंग काही निघेना, म्हणून शेवटी पत्राच खरवडला.

पण ते पुढं. त्या संध्याकाळी फोन हातात धरून ती अंधार पडेपर्यंत बसून राहिली. तळमजल्यावर मेसमध्ये रात्रीच्या आमटीला आधण आलं होतं. वास चार मजले चढून खिडकीतून आत येत होता, दबलेला. उघडली नव्हती अजून. तिला इथूनही कळत होतं.